खऱ्या गोळीचो वाटो

सहदेव घाडीने उभी हयात लोकांचे नळ चमकवण्यात घालवली. साकीनाक्याच्या एका गाळ्यात तो बफिंगच्या मशीनपुढे बसायचा. बफिंग म्हणजे कच्चा पितळी नळ फिरत्या चाकावर धरायचा आणि त्यात आपलं थोबाड दिसेपर्यंत घासायचा. नळ चमकायचा, धूळ उडायची. नळ गेले लोखंडवाला कॉम्प्लेक्समधल्या बाथरूमांत, धूळ राहिली सहदेवच्या छातीत. वाटणी तशी न्यायाचीच म्हणायची. मालकाने नळ ठेवले, मग कामगारानेही घरी काहीतरी न्यायला नको?

मालकाने एकदा तोंडाला बांधायचा मास्क दिला होता, नाही असं नाही. मालनने, म्हणजे सहदेवच्या बायकोने, तो धुऊन त्यातून कोकमाचं आगळ गाळलं. कापड चांगलं होतं, टाकून कशाला द्यायचं?

माणूस आमच्या वाडीतला. बाप गिरणीत होता, गिरणी मेली आणि बाप गावी जाऊन भातशेती करतो म्हणता म्हणता मेला. सहदेव मुंबईतच राहिला. असल्फ्याच्या डोंगरावरची खोली गेली, तिच्या जागी झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत आली आणि सहदेवला वरच्या मजल्यावर घर मिळालं. इमारतीला लिफ्ट आहे. ती चालूही होते, सोसायटीची निवडणूक असली की. बोलायला सहदेव असा तिरका, की मालन म्हणायची, ह्येंच्या तोंडाक पन जरा बफिंग होया होता.

जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा तो नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने छातीचा फोटो काढायला लावला, फोटोत पांढरं दिसलं आणि टीबीचं औषध सुरू केलं. आपल्याकडे खोकणाऱ्या कामगाराला आधी टीबी व्हावाच लागतो, बाकीचे रोग त्याच्या मागे रांगेत उभे राहतात. सहदेवने सगळा कोर्स इमानदारीने पुरा केला. लघवी लाल झाली, खोकला होता तिथेच राहिला. मग दुसऱ्या डॉक्टरने दमा सांगून पंप दिला. तिसऱ्याने कबुतरांवर ठपका ठेवला, म्हणून मालन काठी घेऊन ग्रिलजवळ बसू लागली. कबुतरं गेली, दम गेला नाही. चौथ्याने टेन्शन आहे म्हणून सांगितलं. हे निदान डॉक्टरांना फार आवडतं, त्याला मशीन लागत नाही आणि ते खोटंही पडत नाही. इतक्या डॉक्टरांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, तू पोटासाठी करतोस काय?

शेवटी अक्षता, त्याची मुलगी, त्याला धरून अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथे डॉक्टर शर्मिष्ठा होत्या. तरुण बाई, डोळ्यांखाली काळं, बोलण्यात घाई. त्यांनी पहिल्यांदा हाताची नखं बघितली, मग कामधंदा विचारला, मग पाठीला नळी लावून श्वास घ्यायला सांगितला. म्हणाल्या, चपलेचा चिकटपट्टा उघडावा तसा आवाज येतोय. मग सीटी स्कॅन झाला. फायब्रोसिस. फुफ्फुसं कडक होत चालली होती, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडली होती. डॉक्टरांनी स्क्रीनवर ते पोळं दाखवलं. सहदेवने नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "पोळा दिसता, मध खय आसा?"

डॉक्टरांना मालवणी येत नव्हती. अक्षताने अर्थ सांगितला नाही, बापाच्या मांडीला चिमटा काढला.

जुनी औषधं होती, ती रोगाचा वेग कमी करतात, रोग मागे नेत नाहीत. डॉक्टर शर्मिष्ठांनी ती लगेच सुरू केली. पण त्यांच्याकडे एक नवीन गोळी तपासणीला आली होती. जुन्या औषधाच्या जोडीला ती देऊन बघायची होती, बऱ्याच शहरांत, बऱ्याच माणसांना. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना अगदी तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. वर्षभर फुंकायची मशीन, रक्त, स्कॅन, सगळं तपासायचं. आणि वर्ष पुरं झालं की जो शेवटपर्यंत टिकेल त्याला, आधी काही का मिळालेलं असेना, खरी गोळी सुरू करायची. ती गोळी बाजारात कुठेच मिळत नव्हती. सहदेवच्या डोक्यात बाकी काही शिरलं नाही, एवढं शिरलं: वर्षभर टिकायचं आणि खरी गोळी पदरात पाडून घ्यायची.

संमती घ्यायची तर कॅमेरा लावून घ्यावी लागते, तसा नियम आहे. ऋतिका नावाची मालाडची मुलगी हे काम बघायची. पेशंटला बोलावणं, रक्त पाठवणं, गोळ्या देणं, फुंकायला लावणं, सगळं तिच्या अंगावर. तिने कॅमेऱ्यासमोर मराठी कागद वाचायला घेतला. तो कागद ज्याने लिहिला त्याला मराठी येत असणारच, फक्त ती कोणी बोलतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. 'आपले वाटप यादृच्छिक पद्धतीने होईल. आपणांस संशोधनाधीन औषधी अथवा निष्प्रभ औषधी प्राप्त होण्याची समान संभाव्यता आहे.' सहदेव ऐकत होता, कीर्तनाला झोप लागलेला माणूस ऐकतो तसा. ऋतिकानेच मग कागद खाली ठेवला आणि आपल्या शब्दांत सांगितलं की काका, कोणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार. तुम्हाला माहीत नसणार, डॉक्टरना पण नाही, मला पण नाही.

सहदेव जागा झाला. म्हणाला, "मगे सरळ सांग ना गो, वाटो घालतत तसा."

आमच्याकडे उन्हाळ्यात व्हाळाची कोंड, म्हणजे ओढ्यातला डोह, उपसून सगळी वाडी मिळून मासे धरते. मग माशांचे सारखे ढीग लावतात, घर तितके वाटे. कुठल्या वाट्यात जाडा मळया मासा गेला, कुठल्यात नुसता काड्यांचा, म्हणजे बारक्या माशांचा, चुरा, हे तर डोळ्यांना दिसतंच. म्हणून एकाला पाठ फिरवून उभं करतात. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, ह्यो कोणाचो? पाठ फिरवलेला माणूस न बघता एका घराचं नाव घेतो. विधवेचं घर असो, खोताचं असो, जो त्याचा वाटो. तक्रार चालत नाही. आणि पाठ फिरवलेल्याने वळून बघितलं तर सगळा वाटो मोडतात, पुन्हा पहिल्यापासून.

सहदेवने हे कॅमेऱ्यासमोर सांगितलं. डॉक्टर शर्मिष्ठा इतक्या खूश झाल्या, की पुढे कुठल्याशा परिषदेत त्यांनी माशांचे ढीग पडद्यावर दाखवून भाषण केलं म्हणे. टाळ्या पडल्या. मासे मात्र कुठल्याशा बाजारातले पापलेट होते. व्हाळात पापलेट मिळतं असं मानणाऱ्या माणसांच्या हातात आपली फुफ्फुसं दिली आहेत, हे सहदेवला अक्षताने फोनवर तो फोटो दाखवला तेव्हा कळलं.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळ-संध्याकाळ, जेवणाबरोबर. दर महिन्याला हॉस्पिटलात जायचं, उरलेल्या गोळ्या दाखवायच्या, मशीनमध्ये जीव जाईस्तोवर फुंकायचं आणि नवी बाटली घ्यायची. तिथल्या बाकावर सहदेवला गोगटे भेटले.

श्यामसुंदर गोगटे. मुलुंडचे, विमा कंपनीतून निवृत्त. शर्ट खोचलेला, पिशवीत पाण्याची बाटली, रुमाल आणि घरून निघण्याआधी शुभाताईंनी भरून दिलेला लाह्यांचा डबा. शुभाताई म्हणजे त्यांची बायको. त्यांनाही फायब्रोसिसच, पण वरच्या दर्जाचा. त्यांच्या फायब्रोसिसला कारण सापडलं नव्हतं. 'अज्ञात कारणामुळे' असं त्यांच्या केसपेपरवर होतं आणि ते हे अशा सुरात सांगायचे, की सहदेवला आपल्या पितळी धुळीची लाज वाटावी. सहदेवला लाज कशाची वाटत नाही हा भाग वेगळा. तो म्हणाला, साहेब, तुमचा आजार पण तुमच्यासारखाच, काम न करता मिळालेला. गोगट्यांना हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि दोघं दोस्त झाले.

त्या बाकावर एकच विषय असायचा: कोणाची खरी, कोणाची खोटी. आणि ते ओळखायची एकच खूण सगळ्यांना ठाऊक होती. कागदावर संभाव्य त्रासांत पहिला नंबर होता जुलाबाचा. त्यामुळे जुलाब होणाऱ्याला बाकावर मान होता. लोक मुलाच्या नोकरीची बातमी सांगावी तसं आपल्या पोटाचं सांगायचे. एक बाई तर आल्या आल्या पेढे वाटायच्याच राहिल्या होत्या. ज्याला काही होत नव्हतं तो कोपऱ्यात गप्प बसायचा. सहदेव कोपऱ्यात होता. चाळीस वर्षं बांगड्याचं तिखलं पचवलेलं पोट, त्याला गोळीने काय फरक पडतोय? पण हे त्याला पटेना. त्याला खात्री झाली की आपल्या वाट्याला काड्यांचा चुरा आला.

गोगट्यांना मात्र इतके जुलाब होत होते की मुलुंडहून निघताना वाटेत कुठे कुठे सोय आहे याचा नकाशा त्यांच्या डोक्यात तयार होता. पण त्यांची खात्री उलटी होती. त्यांचं पोट म्हणे जन्मापासून असंच, परीक्षेच्या दिवशीही असंच. ते बघायचे सहदेवकडे. हा माणूस हॉस्पिटलचा जिना थांबत थांबत का होईना चढून येतो, आपल्याला लिफ्टमध्येही दम लागतो. म्हणजे खरी गोळी याची. एकाने अक्कल पोटावरून लढवली, दुसऱ्याने जिन्यावरून. दोघांनाही वाटत होतं, मोठा मासा समोरच्याच्या पानात पडला.

एका महिन्यात बाटल्या घेऊन दोघं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसले होते. मालनही होती. गोगट्यांनी मन मोकळं केलं, सहदेवने पोट मोकळं नसल्याचं सांगितलं. मग सहदेव म्हणाला, "असा करूया. दोनय बाटल्यो एका डब्यात ओतूया, ढवळूया आणि परत वाटो घालूया. खरी कोणाचीय असांदे, दोघांच्याय पोटात जातली."

गोगटे विचारात पडले. आता एवढा शिकलेला माणूस, त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाचं असं असतं, की त्याला मूर्खपणाला फक्त चांगलं नाव सापडायला लागतं. गोगट्यांना ते सापडलं. जोखीम विभागणी. उभ्या नोकरीत त्यांनी हेच केलं होतं, पुष्कळांची जोखीम एकत्र करायची आणि सगळ्यांवर थोडी थोडी टाकायची. म्हणाले, तत्त्व अगदी बरोबर आहे, घाडी. आणि लाह्यांचा डबा रिकामा करून पुढे ठेवला.

गोळ्या दिसायला एकसारख्या. खरी-खोटी ओळखू येऊ नये म्हणून कुठल्याशा कारखान्यात हुशार माणसांनी किती मेहनत घेतली असेल, रंग तोच, आकार तोच, चवही तीच. ती सगळी मेहनत मालनने डबा दोनदा हलवून कारणी लावली. मग एक मूठ इकडे, एक मूठ तिकडे. बाटल्या भरल्या, झाकणं लावली, वर चहा घेतला. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच, त्याच्या पुढच्याही. ऋतिका उरलेल्या गोळ्या मोजायची, मोजणी बरोबर यायची, ती शाबासकी द्यायची.

थोड्याच दिवसांत सहदेवचं पोट सुटलं. तो बाकावर मधोमध येऊन बसला.

गोगट्यांचे जुलाब कमी झाले. त्यांनी त्याचं श्रेय लाह्यांना दिलं.

मग सहदेवचं रक्त बिघडून आलं. लिव्हरचे आकडे चढले होते. डॉक्टर शर्मिष्ठांनी पुन्हा रक्त काढलं, आकडे आणखी चढलेले. त्यांनी गोळी तात्पुरती बंद करायला लावली आणि चौकशी सुरू केली. दारू? सोडून जमाना झाला. दुसरी औषधं? नाही. काढा वगैरे? सहदेव काही बोलायच्या आत मालन सरळपणे म्हणाली की गुळवेलीचा देते की रोज. झालं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गुळवेलीने लिव्हर बिघडलेले किती पेशंट आपण बघितले ते सांगितलं आणि काढा बंद म्हणजे बंद असं बजावलं.

मालनने घरी येऊन काढ्याचं भांडं आपटलं आणि मेलेल्या सासूची साक्ष काढली. सबंध इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्येंच्या आवशीक मरासर ह्योच काढो पाजलंय. तिचा लिव्हर कधी बोललेला ऐकूक नाय." सहदेवला ठाऊक होतं की काढा तो गेली कित्येक वर्षं पितोय आणि डबा मात्र नुकताच सुरू झालाय. मालनलाही ठाऊक होतं. पण नवऱ्याची खरी गोळी जाण्यापेक्षा काढ्याने बदनाम होणं तिला परवडत होतं. तिने भांडं फडताळात ठेवलं आणि डॉक्टरांपुढे गुन्हा कबूल केल्यासारखी मान घालून बसायला लागली.

काढा बंद, गोळीही बंद, आकडे हळूहळू उतरायला लागले. म्हणजे दोघांतलं कोण गुन्हेगार ते ठरेना. डॉक्टर शर्मिष्ठा वैतागल्या होत्या. सहदेवला समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं, कारण त्या सांगणाऱ्यांतल्या होत्या. म्हणाल्या, काका, मला हे वर कळवावं लागतं. गोळीने झालं की काढ्याने, माझं मत लिहावं लागतं. दुसऱ्या एका शहरातही असंच एक प्रकरण झालंय. दोन्हीकडे गोळीवर ठपका आला तर सगळ्यांचा डोस कमी करतील, कदाचित हा अभ्यास थांबवतील. आणि मला तर वाटत होतं की ही गोळी काहीतरी करतेय.

सहदेवने विचारलं, डोस कमी म्हणजे सगळ्यांचा? बाकावरच्या सगळ्यांचा?

सगळ्यांचा, त्या म्हणाल्या. बाकावरच्या आणि न बघितलेल्यांचाही.

सहदेव बाहेर आला. गोगटे त्याची वाटच बघत होते. गोगट्यांना त्याने कँटीनमध्ये नेलं आणि सगळं सांगितलं. गोगटे पांढरे पडले. पण माणूस विम्यातला, दावा कसा फेटाळायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. म्हणाले, सिद्ध काय होतंय? काढ्याचं कारण त्यांनी स्वतःच दिलंय, तेच राहू दे. वर्ष संपायला आता किती उरलंय? आपण दोघं टिकलो तर दोघांना खरी गोळी. तुम्ही तोंड उघडलंत की दोघंही बाहेर. मग आवाज खाली करून म्हणाले, "घाडी, मी तुमच्या पाया पडतो. शुभाला मी सांगून ठेवलंय की वर्षअखेरीला मला खरं औषध मिळणार आहे. तिने नातवाच्या मुंजीची तारीख त्यावर धरलीये."

सहदेवने चहा संपवला. त्याला गोगट्यांचा राग आला नाही. गोगटे बोलत होते ते त्याच्या स्वतःच्या मनातलंच होतं, फक्त मुंज सोडून. खरी गोळी त्यालाही हवी होती. त्यासाठीच तर सगळा उद्योग. तो एवढंच म्हणाला की साहेब, तुमचं नाव माझ्या तोंडून यायचं नाही, पण माझं मला सांगायला हवं. आणि उठला. जिना चढायला त्याला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. माणूस कुठे जायचं नसलं की हळू चालतो, त्यात फुफ्फुसाचा दोष नाही.

डॉक्टर शर्मिष्ठा आणि ऋतिका दोघी खोलीत होत्या. सहदेव बसला नाही. मुंबईत राहून शिकलेली मराठी त्याला तेव्हा आठवली नाही.

"डाक्टर, काढ्याक दोष देव नको. मी पाठ फिरवन उभो नाय रवलंय. मी वळान बघितलंय."

ऋतिकाने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर शर्मिष्ठांना मालवणी येत नव्हती, पण हा वाटो त्यांनी स्वतः पडद्यावर दाखवला होता. त्यांना कळायला फार वेळ लागला नाही. मग सहदेवने डब्याचं सगळं सांगितलं, ओतणं, हलवणं, मूठ, चहा. फक्त डबा कोणाचा ते सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं कोण? सहदेव म्हणाला, त्येचा तो सांगात. त्यांनी आवाज चढवला, पुन्हा विचारलं. सहदेव भिंतीवरच्या फुफ्फुसांच्या चित्राकडे बघत राहिला.

तेव्हा डॉक्टर शर्मिष्ठा ऋतिकाला म्हणाल्या, आणि त्यांनी हे मुद्दाम जरा मोठ्याने म्हटलं की नाही कोणास ठाऊक, कारण दार उघडंच होतं, की ज्याने कोणी गोळ्या वाटून घेतल्या त्याच्या लिव्हरचीही तपासणी आजच व्हायला हवी, उशीर झाला तर धोका आहे.

दारात गोगटे उभे होते. काही लोकांचं सत्य काळजातून येतं, गोगट्यांचं लिव्हरमधून आलं. पण आलं. खोचलेला शर्ट बाहेर आला होता. म्हणाले, मॅडम, माझं रक्त घ्या. डबा माझा आहे.

डॉक्टर शर्मिष्ठांनी त्यांना आत घेऊन दार लावलं. मग बोलल्या त्या एकदम. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत, असं सुरू झालं आणि पुष्कळ वेळ चाललं. गोगटे शाळेतल्यासारखे उभे होते. सहदेव मधेच खाली बसला, म्हणाला, तुमी चालू ठेवा, माका दम लागलो. त्यावर ऋतिकाला हसू आलं आणि ते तिने खोकल्यात घातलं. त्या खोलीत खोकला खपून जातो.

सहदेवच्या लिव्हरचा प्रश्न असल्यामुळे त्याचं पाकीट उघडायची परवानगी मागावी लागली. म्हणजे कॉम्प्युटरने त्याला काय दिलं होतं ते बघायचं. बघितलं. सहदेवच्या वाट्याला आली होती नुसती भुकटी, औषध नसलेली. म्हणजे लिव्हर बिघडलं ते डब्यातून आलेल्या गोळ्यांनी, आणि डब्यात दुसरी बाटली एकच होती. पुढचं गणित बाकावरच्या कोणीही केलं असतं. खरी गोळी गोगट्यांची. त्यांचे जुलाब खरे होते. परीक्षेच्या दिवसांवर त्यांनी उगाच आळ घेतला होता.

गोगट्यांचं लिव्हर साफ निघालं. त्यांना गोळी सोसत होती, फक्त ते महिनोन्महिने ती अर्धीच खात होते आणि उरलेली अर्धी अशा माणसाला देत होते ज्याला ती विषासारखी लागली. जोखीम चांगलीच विभागली गेली. फुंकायच्या मशीनवर गोगट्यांचा आकडा पहिले महिने टिकला होता, डबा आल्यापासून घसरला होता. डॉक्टरांनी तो कागद दोघांपुढे ठेवला. गोगट्यांनी कागद घडी करून परत दिला. सहदेवने वाचला नाही, त्याला गोगट्यांच्या तोंडावर दिसला.

दोघांच्याही गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांनी वर खरं ते कळवलं. डोस कोणाचा कमी झाला नाही, अभ्यास थांबला नाही. गुळवेलीवरचा ठपका मात्र पुरता निघाला नाही, काढाही थोडासा भागीदार असू शकतो म्हणे. मालनने ते मनावर घेतलं नाही. काढ्याची बाजू मांडायला मी कोर्टात जाते की काय, म्हणाली.

गोगटे पुष्कळ दिवस सहदेवशी बोलले नाहीत. बाकावर टोकाला बसायचे. दोघांनाही यावं लागतच होतं, कारण संशोधनाचा एक विचित्र कायदा आहे. गोळी बंद झाली, नियम मोडला, तरी माणूस ज्या वाट्यात पहिल्यांदा पडला त्याच वाट्यात शेवटपर्यंत मोजतात. तुम्ही खाल्लं काय नि टाकलं काय. ऋतिकाने सहदेवला समजावलं की काका, तुमची इच्छा असेल तर येणं बंद करू शकता, कोणी जबरदस्ती करणार नाही. पण तुम्ही आलात तर आकडे पुरे राहतील. सहदेव म्हणाला, म्हणजे माका गोळी नाय, पण फुंकायचा आसाच. ऋतिकाने हो म्हटलं. बरोबर आसा, तो म्हणाला, जन्मभर तसाच चललाहा. आणि येत राहिला.

डॉक्टर शर्मिष्ठांनी दोघांची प्रकरणं हॉस्पिटलच्या नैतिकता समितीपुढे नेली. समिती म्हणजे वेगवेगळ्या क्षेत्रांतली शहाणी माणसं, त्यात एक वकील आणि एक शेजारपाजारचा सामान्य माणूसही असतो, नियमच तसा आहे. समितीने दोन्ही प्रकरणं बघितली. गोगट्यांना गोळी सोसते, वर्ष संपल्यावर त्यांना खरी देऊन बघायला हरकत नाही. सहदेवला सोसत नाही, त्याला देऊ नये. डॉक्टरांनी हे सहदेवला स्वतः सांगितलं. त्या शब्द शोधत होत्या, तो त्यांना शोधू देत होता. मग म्हणाला, न मिळाल्यानेच वाचलो म्हणा की. त्या म्हणाल्या, काका, जुनं औषध चालू ठेवू, घरी ऑक्सिजनचं मशीन लावू, मी आहे. सहदेव म्हणाला, तुम्ही आहात ते ठीक आहे, ती लिफ्ट चालू होईल असं काही आहे का तुमच्याकडे? त्यांच्याकडे तसलं काही नव्हतं.

वर्ष संपलं त्या दिवशी बाकावर लग्नघरासारखी गर्दी होती. खऱ्या गोळ्यांच्या बाटल्या आल्या होत्या. ज्यांना वर्षभर जुलाब झाले नव्हते ते आज जुलाबांची वाट बघत होते. गोगट्यांनी बाटली घेतली आणि सहदेव दिसताच ती पिशवीत खाली, रुमालाखाली सारली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, पुन्हा वर काढली आणि त्याच्या बाजूला येऊन बसले. सहदेवनेच त्यांना मोकळं केलं. "गोगटे, ही घेवा आणि गप गिळा. मुंजीक बुंदीचे लाडू असतले तर माझे घरी पाठवा, ते माझ्या लिव्हराक चलतत."

गोगटे म्हणाले, पाठवतो. आणि पिशवीत तोंड घालून उगाचच काहीतरी शोधत बसले.

सहदेवला आत बोलावलं. त्याचं शेवटचं फुंकणं होतं. ऋतिकाने नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. जोरात श्वास घ्या, आणि फुंका, फुंका, अजून, अजून, अजून. सहदेवने फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पाठीचा कणा खुर्चीला टेकला, तरी ती अजून अजून म्हणतच होती. तीनदा फुंकवलं. मग स्क्रीनवर आकडा आला. तिने तो मागच्या आकड्याशी ताडून पाहिला, स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवली आणि हसून म्हणाली, छान आहे काका, तसंच आहे.

सहदेवने नाकावरचा चिमटा काढून टेबलावर ठेवला. श्वास जागेवर यायला त्याला जरा वेळ लागला, तेवढा त्याने घेतला.

"कमी झाला तर कमी लिही," तो म्हणाला. "खोटा सांगू नको गो बाय. हय ता चलणा नाय."

ऋतिकाने स्क्रीन परत वळवली आणि होता तो आकडा लिहिला.